केतुबा हरवली तेव्हापासून

३ जानेवारी

वही नवी, लिहिणारी जुनी. सत्तावन्न पूर्ण झाली. आजवर मी लिहिलं ते फक्त प्लॅस्टरच्या साच्यांवर: वरचा जबडा, खालचा जबडा, पेशंटचं आडनाव, दातांचा रंग नंबर अमुक. पण आज ठरवलं, की निघेपर्यंत जे घडेल ते इथे लिहायचं. उद्या बेबीने विचारलं, आई, तू हे सगळं जमवलंस कसं, तर वही पुढे करता येईल.

तर. आम्ही ज्यू. दोन हजार वर्षांपूर्वी जिथून निघालो त्या देशात परत जायचं, हे माझ्या वडिलांनी जन्मभर म्हटलं. दरवर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी उभं राहून, "पुढच्या वर्षी तिथे." आणि आईने दरवर्षी म्हटलं, आधी धाकटीची परीक्षा होऊ दे, मग घराचं छप्पर, मग तिचे गुडघे. पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. वडील गेले त्या दिवशी मी कानाला खडा लावला, की माझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. बेबी चार वर्षांपूर्वी तिकडे गेली, तिथेच लग्न केलं, आणि मार्चमध्ये तिला बाळ होणार आहे. मार्चच्या आधी मी तिथे असणार. असणार म्हणजे असणार.

आज दोघांचा अर्ज दिला. खिडकीतली बाई करड्या शिस्तीची, हसली तर पगार कापतील अशी. तिने कागदांची यादी दिली. सगळं आहे आमच्याकडे. मुख्य म्हणजे केतुबा हवी, तीही अस्सल, झेरॉक्स चालणार नाही. केतुबा म्हणजे आमच्यातला लग्नाचा करार. नवरा बायकोला काय काय द्यायचं कबूल करतो ते त्यात जुन्या लिपीत लिहिलेलं असतं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि तो कागद कायम बायकोकडे राहतो. आम्ही खरोखर ज्यू आहोत याचा दुसरा कुठलाच पुरावा आमच्याकडे नाही. सात फेब्रुवारीला सगळे कागद घेऊन खिडकीवर हजर व्हायचं.

फ्रेमवाला यादी वाचून म्हणाला, "बरं." फ्रेमवाला म्हणजे आमचे हे. तोंडावर मी अहो-जाहो करते, पण वही माझी आहे, इथे तो फ्रेमवालाच. लोकांच्या फोटोंना चौकटी करतो. मी लोकांच्या कवळ्या करते. दोघांचंही काम जे आहे ते नीट बसवायचं.

५ जानेवारी

केतुबा सापडत नाही.

कपाटाच्या वरच्या खणात, चादरींच्या खाली, निळ्या पिशवीत असते. चौतीस वर्षं तिथेच आहे. पिशवी आहे, आत बेबीचा जन्मदाखला आहे, माझ्या आजेसासूचा एकुलता एक फोटो आहे, केतुबा नाही. दुपारी दोन वाजल्यापासून शोधतेय. एका दंतवैद्याची खालची कवळी आज द्यायची होती, ती तशीच मेणात उभी आहे.

फ्रेमवाल्याने दुकान लवकर बंद केलं आणि माझ्याबरोबर शोधायला लागला. गाद्या उलट्या केल्या, माझ्या कामाच्या खोलीतले साच्यांचे खोके उतरवले, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडून बघितले. एरवी माझा चष्मा हरवला तरी आठवडाभर टोमणे मारणारा माणूस, आज एक अक्षर बोलला नाही. उलट म्हणाला, जाऊ दे, दमलीस. मला वाईट वाटलं. माझ्या ताब्यातली वस्तू, मीच घालवली, आणि हा माणूस मला समजून घेतोय.

८ जानेवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं होईल म्हणून दोन दिवस थांबले. शेवटी आज मोठ्या मामांकडे गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, आमच्या प्रार्थनालयातले सगळ्यात जाणते, आणि नात्याने कोणाचेच मामा नसून सगळ्यांचे मामा. मला वाटलं, म्हणतील, नवी लिहून घेऊ, दोन दिवसांचं काम.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, केतुबा नसेल तर नवराबायकोने एका छपराखाली राहता येत नाही. नवी लिहून हातात पडेपर्यंत वेगळं राहायचं.

मी म्हटलं, मामा, चौतीस वर्षं झाली लग्नाला. ते म्हणाले, चौतीस मिनिटं झाली असती तरी तेच. आणि नवी लिहायला त्यांचा थरथरता हात चालणार नाही, म्हणून लेखनिक दुसऱ्या शहरातून यायला हवा. त्याला फोन लावला. तो एकोणतीस तारखेला येणार.

म्हणजे तीन आठवडे. मला हसावं की रडावं कळेना. या वयात शेजारणींना काय सांगू, नवऱ्याला बाहेर का काढलं म्हणून? फ्रेमवाल्याकडे बघितलं तर तो मान खाली घालून जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, दुकानाच्या माळ्यावर खाट आहे, तिथे झोपेन. लगेच ठरवून मोकळा. मी म्हटलं, बघा, किती धर्म पाळतो माझा नवरा. संध्याकाळी उशी, दोन चादरी आणि दाढीचं सामान घेऊन गेला. दारात थांबून विचारलं, "तुला एकटीला जमेल ना?" मी म्हटलं, तीन आठवडे आहेत, तीन वर्षं नाहीत. त्याने उशी काखेत सरकवली आणि निघाला.

११ जानेवारी

सुटसुटीत वाटतंय, खोटं कशाला बोलू. घोरणं नाही. आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर नाही. सकाळी सातलाच कामाला बसले आणि अडकलेल्या चारही कवळ्या पुऱ्या केल्या.

मामांकडून अजून एक नियम कळला. चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं, की त्या देशात जायचं असेल तर नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला घेऊन जायचा हट्ट धरू शकते. नवरा नाही म्हणाला तर त्याने सोडचिठ्ठी द्यायची आणि करारात लिहिलेलं सगळं तिच्या पदरात टाकायचं. आमच्या जुन्या लोकांनी बायकोला हा अधिकार देऊन ठेवलाय आणि मला सत्तावन्नाव्या वर्षी कळतोय. दुकानात डबा द्यायला गेले तेव्हा फ्रेमवाल्याला सांगितलं, की बघा, आता पळायला वाट नाही. तो चौकटीला खिळा मारत होता. खिळा वाकडा गेला.

१५ जानेवारी

काल शनिवार, लिहायचं नसतं, म्हणून आज.

प्रार्थनालयातून परत येताना फ्रेमवाला माझ्यापासून चार पावलं लांब चालत होता. नियम छपराचा आहे, रस्त्याचा नाही, असं मी सांगितलं तेव्हा जवळ आला. बरोबर बँकवाले भाऊ. बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी नाव तेच. त्यांना आता एकट्याने चालवत नाही, म्हणून फ्रेमवाला दर शनिवारी त्यांना घरून आणतो आणि परत पोचवतो. एकाचं औषध, दुसऱ्याचा जिना, तिसऱ्याची तब्येत, सगळं यानेच बघायचं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस फार. पण खरं म्हणजे त्या सगळ्यांना धरूनच ठेवावं लागतं, कारण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याशिवाय धर्मग्रंथाची गुंडाळी कपाटातून बाहेर काढता येत नाही. मी लहान होते तेव्हा उभं राहायला जागा नसायची. सगळे तिकडे गेले. आता बरोबर दहा उरलेत. त्यातल्या सहांच्या तोंडात माझ्या हातच्या कवळ्या आहेत.

म्हणून आज एक ठरवलं. जाण्याआधी त्या सहांना एकेक जादा कवळी करून ठेवायची. माझ्यामागे कोणाची तुटली तर अडायला नको. आपण निघालो म्हणून मागच्यांचे हाल होऊ द्यायचे नसतात, हे मी फ्रेमवाल्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "खरं आहे." फार मनापासून म्हणाला.

१९ जानेवारी

चमत्कार झाला. फ्रेमवाला स्वयंपाक शिकतोय.

दुपारी डबा घेऊन गेले तर साहेबांनी माळ्यावर छोटी शेगडी मांडलेली, आणि वही घेऊन बसलेला. मला म्हणाला, डाळीला पाणी किती ते सांग. भात किती शिट्ट्या. कपड्यांना निळी पावडर की पांढरी. गॅसचा नंबर कुठे लिहिलाय. त्याच्या रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी सकाळची कुठली. चौतीस वर्षं मी त्याच्या तळहातावर गोळी ठेवते आणि तो गिळतो, त्याला रंगसुद्धा माहीत नव्हता. सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

बेबीला फोनवर सांगितलं तर ती हसायची थांबेना. तिकडे नवरे घरात हात लावतात, तुझ्या वडिलांनी आधीच तयारी सुरू केली, असं मी म्हटलं. ती हसायची थांबली. मग म्हणाली, बाबा मला फोनवर काही बोलत नाहीत गं. मी म्हटलं, ते कधी बोलतात?

२२ जानेवारी

माझं कवळ्या घासायचं मशीन विकलं. एका तरुण मुलीने घेतलं, नुकतीच लॅब काढतेय. हात चांगला आहे तिचा. तिला मेण गरम करायची माझी पद्धत दाखवली. ती मशीन टेम्पोत चढवून घेऊन गेली आणि मी रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं त्या चाकाचा आवाज ऐकला. रडू येतं की काय वाटलं, पण नाही आलं. ज्याला निघायचंय त्याने सामान कमी करावं.

फ्रेमवाल्याचं दुकान मात्र जागचं हलत नाहीये. दोन माणसं विचारून गेली, एकाला भाडं जास्त वाटलं म्हणे, दुसऱ्याला ओल. दुसऱ्याला ओल याने स्वतःच दाखवली, हे मला शेजारच्या चांभाराने सांगितलं. मी विचारलं तर म्हणतो, गिऱ्हाइकाला फसवायचं नसतं. या सचोटीचं काय करावं? वर एका शाळेची ऐंशी फोटोंची ऑर्डर घेतलीय, द्यायची एप्रिलमध्ये. अहो, एप्रिलमध्ये आपण कुठे असू? म्हणतो, आधीच करून ठेवीन. पालथ्या घड्यावर पाणी.

एक चांगलं केलं. मला थंडीचा कोट आणला, जाड, आतून लोकर. तिकडे फेब्रुवारीत गारठा असतो. स्वतःसाठी का नाही आणला विचारलं तर म्हणाला, एकच होता.

२६ जानेवारी

आता खरं लिहिते. सुटसुटीतपणा पहिल्या आठवड्यात संपला. काल सकाळी दोन कप चहा केला आणि दुसरा ओतून टाकावा लागला. मला त्याच्याशी बोलायचं असतं असंही नाही. तो समोर पेपर धरून बसतो आणि मी बोलते, तेवढंच. ते तेवढंच नसलं की घर खायला उठतं. कोणाला सांगितलं तर म्हणतील, या वयात! पण मला तो हवा आहे. एकोणतीसला केतुबा लिहून होईल, तो घरी येईल, आणि मग आम्ही जाऊ. तीन दिवस.

२९ जानेवारी

घडलं तसं सगळं लिहिते.

दहा वाजता मामांच्या घरी जमलो. लेखनिक पंचेचाळिशीचा, बारीक, बोटांना शाई. त्याने टेबलावर कागद ताणून चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली आणि दीड तास लिहीत होता. अक्षर असं, की मी दात बसवताना करते तसं एकेक अक्षर मागे सरून बघायचा. साक्षीदार म्हणून बँकवाले भाऊ आणि अजून एकजण. मामा मधे खुर्चीवर.

लिहून झाल्यावर लेखनिकाने वाचून त्याचा अर्थ सांगितला. हरवलेल्या केतुबेच्या बदल्यात जी नवी लिहितात तिच्यात सुरुवातीलाच तसं म्हटलेलं असतं: या स्त्रीची पहिली केतुबा हरवली आहे, आणि तिच्या पतीने ते मान्य करून ही दुसरी दिली आहे. मग त्याने फ्रेमवाल्यासमोर एक रुमाल धरला. आमच्यात नवऱ्याने साक्षीदारांदेखत असा रुमाल हातात घेतला, की लिहिलेलं सगळं त्याला मंजूर झालं.

फ्रेमवाल्याने हात पुढे केला. आणि मागे घेतला.

लेखनिकाला वाटलं समजलं नाही, त्याने परत सांगितलं. फ्रेमवाला म्हणाला, "हे मला घेता येणार नाही. हरवलेली नाही ती. दुकानात आहे. एका चौकटीत, फोटोच्या मागे. मी ठेवलीय."

बँकवाले भाऊ "काय?" म्हणाले, त्यांना कमी ऐकू येतं.

मी पंचवीस वर्षं लोकांच्या जबड्यांशी झगडतेय, आज माझीच दातखीळ बसली. तीन आठवडे मी गाद्या उसवल्या. स्वतःला निष्काळजी म्हटलं, वेंधळी म्हटलं, वडिलांची माफी मागितली. आणि हा माझ्याबरोबर डबे उघडून शोधत होता. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. शेवटी मी विचारलं, का?

तो माझ्याकडे न बघता बोलला. "तुला नाही म्हणायला मला कधी जमलं नाही. जाऊ म्हणालीस, मी जाऊ म्हणालो. पण मी गेलो तर इथे नऊ उरतात. मी म्हटलं, थोडे दिवस कागद अडला तर काहीतरी सुचेल. मग मामांनी वेगळं राहायला सांगितलं. ते मला सुचलं नव्हतं. पण म्हटलं, बरं झालं, बघू जमतंय का मला. तुझ्याशिवाय."

"आणि जमलं?"

"डाळ जमली," तो म्हणाला.

त्या क्षणी मला तो आवडला आणि त्याला चांगलं बदडून काढावंसंही वाटलं. मी म्हटलं, "तुमच्याशिवाय त्यांचे नऊ होतात. तुमच्याशिवाय माझं काय होतं ते मोजलंत का?"

मामांनी घसा साफ केला. म्हणाले, कायदा तुला माहीत आहे. तू मागणी करू शकतेस. ते स्वतः त्या दहांतले, आणि आवाज जरासुद्धा इकडेतिकडे नाही. त्यांनी विचारलं, तू मागणी करतेस का?

मी म्हटलं, "करते."

फ्रेमवाला म्हणाला, "येतो."

लेखनिकाने दीड तासाचं लिहिलेलं गुंडाळून ठेवलं. मामा म्हणाले, अस्सल सापडली आहे तेव्हा आजपासून एकत्र राहायला हरकत नाही. दुपारी तो उशी आणि चादरी घेऊन घरी आला, केतुबा माझ्या हातात दिली आणि टेबलाशी बसला. मी जेवायला वाढलं. त्याने खाली मान घालून खाल्लं. पण मी जिंकले आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. वडिलांनी ज्याच्यासाठी जन्म घालवला ते मी एका शब्दात मिळवलं.

२ फेब्रुवारी

तो खरंच तयारीला लागला. दुकानाच्या दारावर पाटी लावली. शाळेची ऑर्डर दुसऱ्या फ्रेमवाल्याकडे सोपवली. स्वतःचा फोटो काढून आणला, त्यात जेलमधून सुटल्यासारखा दिसतो, असं मी म्हटलं तर हसला देखील. माझ्यावर राग नाही. मी सारखी बघतेय राग आहे का, तर नाही. रागावला असता तर भांडता आलं असतं.

जादा कवळ्यांपैकी पाच झाल्या. घासायला त्या मुलीकडे जाऊन तिच्याच मशीनवर, म्हणजे माझ्याच, घासून आणल्या.

५ फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय. सगळं लिहून ठेवायचं आहे.

काल सकाळी फ्रेमवाला उठला, चहा घेतला आणि खुर्चीत बसून राहिला. साडेआठ झाले. मी म्हटलं, अहो, उशीर होतोय, भाऊ वाट बघत असतील. तो म्हणाला, भाऊंना आणायला दुसऱ्या कोणाला तरी सांगितलंय. मी आज येत नाही. त्यांना सवय व्हायला हवी.

मी म्हटलं, जशी तुमची मर्जी, आणि एकटी गेले. वरच्या बायकांच्या गॅलरीत बसले. वर आम्ही तिघीच असतो. तिथून खालचं सगळं दिसतं.

नऊ जण आले. आमच्यात माणसांना एक, दोन, तीन असं मोजत नाहीत, अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक वाक्य आहे, ते म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द टाकत जायचं. वाक्य पुरं झालं की दहा पुरे झाले. मोठे मामा काठी टेकत मधे उभे राहिले आणि त्यांनी वाक्य म्हटलं. शेवटचा शब्द राहिला. ते दाराकडे बघत थोडं थांबले आणि त्यांनी परत म्हटलं. परत शेवटचा शब्द राहिला. नऊही जणांना माहीत होतं की दहावा का नाही आला. कोणी त्याचं नाव काढलं नाही. कोणी मान वर करून माझ्याकडे बघितलंही नाही, आणि बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ते बसले. अर्धा तास नुसते बसले. बँकवाले भाऊ कपाटाच्या पडद्याकडे बघत होते. मग मामा तिसऱ्यांदा उठायला लागले, आणि मला ते वाक्य अजून एकदा ऐकवेना. मी जिना उतरले.

घरी जायला मला बारा मिनिटं लागतात, काल आठ लागली असतील. फ्रेमवाला त्याच खुर्चीत होता. अंगात शनिवारचे धुतलेले कपडे, पायात बूट. न जाणारा माणूस बूट घालून बसला होता.

मी म्हटलं, "उठा. थांबलेत ते."

तो म्हणाला, आज जाऊन काय होणार, पंधरा दिवसांनी तेच.

"पंधरा दिवसांनी नाही. तुम्ही येत नाही आहात. मी मागणी परत घेते." धाप लागली होती, तरी सगळं एका दमात बोलून टाकलं. "पण मी जाणार. हे नीट ऐका. तुमच्यासाठी मी थांबणार नाही. बेबीला मी हवी आहे आणि मला तो देश हवा आहे, आणि माझ्या आईसारखं मी ते पुढच्या वर्षावर ढकलणार नाही."

तो उठला. माझ्यासमोर उभा राहिला. विचारलं, "मी कधी येऊ?"

"ते मला विचारू नका. कोणाच्या मरणाची वाट बघत मी तिकडे बसणार नाही, तुम्हीही इथे बसायचं नाही. अकरावा शोधा. जे इथून दुसऱ्या शहरांत गेलेत त्यांना पत्रं लिहा, फोन करा, कोणी निवृत्त होऊन परत यायला तयार असेल. दहा तुमच्याशिवाय झाले की या."

"आणि नाही मिळाला तर?"

मी म्हटलं, जा, उशीर होतोय. तो जवळजवळ धावतच गेला. मी परत गॅलरीत पोचले तेव्हा गुंडाळी बाहेर काढली होती आणि मामा मोठ्याने वाचत होते. माझी कवळी त्यांच्या तोंडात घट्ट बसली आहे, एक अक्षर अडखळत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मला वाटलं होतं, हट्ट केला की सगळं मिळतं. अर्धंच मिळालं, आणि ते घ्यायचं मी ठरवलं आहे.

७ फेब्रुवारी

खिडकीवर गेले. फ्रेमवाला बरोबर होता, पण आत एकालाच सोडतात, तो बाहेर बाकावर बसला. कालपर्यंत त्याने सात जणांना फोन केले. तिघांनी नाही म्हटलं, तिघांनी बघतो म्हटलं, एकाने आपल्याशी कोण बोलतंय हेच ओळखलं नाही.

खिडकीतल्या बाईने केतुबा दोन्ही हातांनी घेतली, दिव्याखाली धरून पूर्ण वाचली. तिला ती लिपी वाचता येते हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, कागद उत्तम आहे, दोघांचाही अर्ज मंजूर व्हायला अडचण नाही. मी म्हटलं, दोघांचा नाही, एकटीचा. तिने जुना अर्ज बाजूला सारला आणि नवा दिला. मी तिथेच उभ्याने भरला. नववा प्रश्न: विवाहित असल्यास, पती किंवा पत्नी सोबत येत आहे का? मी लिहिलं, नाही.

बाईने चष्म्यावरून बघितलं. तिच्या दृष्टीने हे बरोबर नाही. केतुबा आहे, लग्न टिकलेलं आहे, माणूस हयात आहे, बाहेर बाकावर बसलाय, आणि येत नाही. तिने विचारलं की घटस्फोट चालू आहे का. मी म्हटलं, छे. आजारी आहेत का. नाही. इकडे नोकरी आहे का. मी म्हटलं, चौकटी करतात, ते कुठेही करता येईल.

"मग का येत नाहीत?"

मी म्हटलं, "सगळे दिवस मोकळे असतात. फक्त शनिवारी सुट्टी मिळत नाही."

ती उत्तर लिहायला लागली होती. शनिवार या शब्दावर तिचं पेन थांबलं. कारण शनिवार हाच आमच्यातला सुट्टीचा वार, त्या दिवशी कोणीच काम करत नाही, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. तिने पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून बाहेर, बाकाच्या दिशेने बघितलं. मग हळूच विचारलं, "किती आहेत?"

"दहा," मी म्हटलं.

तिने पेन परत उचललं. माझ्या एकटीच्या नावावर शिक्का मारला, आणि चोवीस फेब्रुवारीच्या सकाळचं एक तिकीट लिहून दिलं.